मी डिझास्टर, खोडा मला!

मी डिझास्टर बोलतोय. दचकू नका, कुठे काही कोसळलेलं नाही. मी नुसता शब्द आहे, पण आज माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म इटालियन भाषेतला. 'तारा' या अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दाआधी कुणीतरी वाईटपणाचा एक तुकडा जोडला आणि मी झालो. तुम्ही नाही का म्हणत, ग्रह फिरले? अगदी तसंच. पुढे फ्रेंचमधून मी इंग्रजीत आलो. जहाज बुडालं, भूकंपात गाव गाडलं गेलं, तरच लोक माझं नाव घेत. तेव्हा माझा धाक होता.

आणि आता? केस वेडेवाकडे कापले, डिझास्टर. भाजीत मीठ जास्त पडलं, डिझास्टर. लाज वाटते मला.

एका मोठ्या हॉटेलात तर माझी पार रया गेली. तिथली पद्धतच अशी, की काहीही बिघडलं की मोबाइलच्या ग्रुपवर फोटो टाकायचा आणि खाली मला लिहायचं. टॉवेल कमी पडले, मी. साहेबांचा चहा गार झाला, मी. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

तळघरातल्या लाँड्रीत इस्त्री करणारे मामा होते. बावीस वर्षं एकाच टेबलाशी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ग्रुपवर वाचून वाचून मी त्यांना पाठ झालो होतो. एका मंगळवारी त्यांनी वाफेच्या नळीला गेलेल्या भेगेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "लाँड्रीत डिझास्टर."

सात जण हसले. मॅनेजरसाहेबांचा चेहरा त्यात पहिला. नळी तशीच राहिली.

शुक्रवारी ती फुटली. मामांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो हात पुन्हा इस्त्री धरेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात.

मॅनेजरसाहेब फळं घेऊन दवाखान्यात आले. सोबत अहवाल होता. मामांच्या मुलीनं तो मोठ्यानं वाचला. घडलं ते एक डिझास्टर होतं, त्यात कुणाचीही चूक नाही, असं त्यात लिहिलं होतं. सही जमणार नव्हती म्हणून साहेबांनी शाईचा पॅड पुढे केला. डावा अंगठाही चालेल म्हणाले.

संताप संताप झाला माझा. आधी या माणसानं मला हसण्यावारी नेलं, आणि आता माझंच पांघरूण करून स्वतःचा हलगर्जीपणा झाकतोय! नळी बदलणं काय ताऱ्यांचं काम होतं?

मामांनी डाव्या हातानं पॅड बाजूला सारला. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, डिझास्टर मी मंगळवारीच लिहिलं होतं. तुम्ही हसलात. आता ते खोडा आणि 'सांगूनही नळी बदलली नाही' असं लिहा. मग देतो अंगठा."

साहेब कागद तिथेच टाकून निघून गेले. कागद अजून मामांच्या उशाशी आहे, आणि त्यावर मी आहे. हसण्यासाठी मला कितीही वापरलंत तरी एक वेळ सोसेन, पण तिथे मला ठेवू नका. कुणीतरी पेन घ्या आणि खोडा मला.