झुंबरबाईंनी धरलेला हात

राजश्री यवतच्या कंपनीत पॅकिंगच्या लाइनीवर उभी होती, तेव्हा शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका अनुपमा मॅडम पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या, "प्रज्ञा ठीक आहे, माझ्याजवळ बसलीय. पण तुम्ही लगेच या."

सुपरवायझरला सांगून तिनं रिक्षा धरली. खुटबावच्या पुढं वाडीवरची ती शाळा. रस्ता सरता सरेना. दुसरीतली प्रज्ञा गेले आठ दिवस व्हॅनमध्ये बसायला रडत होती. शाळेचा कंटाळा असेल, असं राजश्रीला वाटलं होतं. त्या सकाळी तर तिनं लेकीला दंडाला धरून गाडीत ढकललं होतं.

शाळेत पोचली तर प्रज्ञा मॅडमच्या टेबलाशी चित्र रंगवत होती. आईला बघून ती पळत आली आणि कमरेला बिलगली. मॅडमनी राजश्रीला शेजारच्या वर्गात नेऊन सगळं सांगितलं.

शाळा सुटल्यावर व्हॅनचा हॉर्न वाजला, आणि खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाईंना प्रज्ञा स्वयंपाकाच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांआड अंग चोरून बसलेली दिसली. त्यांनी तिला ओढून बाहेर काढलं नाही. भांडी तशीच टाकून त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "तुला जायाचं नसंल तर न्हाई जायाचं," म्हणाल्या. बऱ्याच वेळानं पोर बोलली. सगळ्यात शेवटी तीच उतरते. बाकीची पोरं उतरली की व्हॅनवाले काका गाडी कॅनॉलच्या रस्त्याला थांबवतात, नको तिथं हात लावतात, आणि आईला सांगितलंस तर आई मारेल म्हणतात.

झुंबरबाई तिचा हात धरून तिला मॅडमकडं घेऊन गेल्या. मॅडमनी खोदून खोदून विचारलं नाही. पोरीचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, पोलिसांना फोन केला, व्हॅनमधली बाकीची पोरंही थांबवून घेतली. व्हॅनवाला फाटकाशी येऊन उशीर होतोय म्हणून तगादा लावत होता. झुंबरबाई फाटकात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज एकबी पोरगं तुझ्या गाडीत बसणार न्हाई."

आपणच पोरीला त्या गाडीत ढकलत होतो, हे राजश्रीला सोसेना. मॅडमनी तिला पाणी दिलं. पोलीस ठाण्यातून साध्या कपड्यांत आलेल्या पोलीसबाई प्रज्ञाशी हळू आवाजात बोलल्या. संध्याकाळच्या आत व्हॅनवाल्याला अटक झाली.

दुसऱ्या दिवशी गावातले चारजण शाळेत आले, गावातलं गावात मिटवा म्हणाले. मॅडमनी त्यांना चहा दिला. कायद्यानं कळवायचं ते कळवून झालंय, आता मिटवणं कुणाच्याच हातात नाही, असं शांतपणे सांगितलं. राजश्रीचा नवरा सम्राट हे ऐकत दारात उभा होता. गाव कुणाच्या बाजूनं राहील या धास्तीनं त्याला रात्रभर झोप लागली नव्हती.

व्हॅनवाला झुंबरबाईंचा सख्खा पुतण्या होता, हे राजश्रीला चौथ्या दिवशी कळलं. त्याच्या बापानं, म्हणजे झुंबरबाईंच्या दिरानं, त्यांच्या घरी येणंजाणं बंद केलं होतं.

राजश्री तशीच शाळेच्या स्वयंपाकाच्या खोलीत गेली आणि झुंबरबाईंच्या पायांवर वाकली. त्यांनी तिला वरच्या वर धरलं.

"मावशी, आमच्यापायी तुमचं घर तुटलं."

"तुमच्यापायी न्हाई, त्याच्या करणीनं," झुंबरबाई म्हणाल्या. "लेकरानं हात माझ्या हातात दिला हुता. त्यो सोडून मी कुणाचं नातं धरू?"

"मी तिला रागावले हो," राजश्री म्हणाली.

"मग आता तिला सांग, माझी चूक झाली म्हणून. लेकरं समजून घेत्यात."

राजश्रीनं घरी जाऊन तसंच सांगितलं. प्रज्ञानं विचारलं, "म्हणजे आता तुला सगळं सांगितलं तरी चालेल?" राजश्रीनं तिला छातीशी घेतलं. झुंबरबाई आणि मॅडम, दोघींचं नाव मनात घेत ती कितीतरी वेळ रडत राहिली. त्यांच्यामुळं तिची पोर आज तिच्या कुशीत होती.