दोन किलोओहम

टाच नावाच्या पोरीनं दोन्ही तळहात जोडून गालाखाली धरले, डोळे मिटले आणि मग बोटानं खाली दाखवलं. जमीन झोपलीये. बुधवारच्या त्या एका तासात तिनं हे चौथ्यांदा सांगितलं होतं.

"बघ, पुन्हा तेच!" आत्या म्हणाली. "आता मी काय करू? जमिनीला गदागदा हलवून उठवू?"

भाची गुडघे टेकून आवाजाच्या मिक्सरच्या मागच्या वायरी बघत होती. जुना अॅम्प्लिफायर काढून नवा बसवण्याचा सल्ला तिचाच होता.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत आत्या एकोणीस वर्षं नाच शिकवत होती. हॉलच्या एका टोकाला लाकडी मंच होता आणि त्याच्या पोटात, फळ्यांकडे तोंड करून, दोन मोठे स्पीकर बसवले होते. मुलं अनवाणी उभी राहायची. ढोलाचा ठोका फळीतून तळव्यात आणि तळव्यातून पोटरीत चढायचा, की पावलं आपोआप उचलायची. टाच त्यांची पुढारी. मूठ करून ती तळहातावर आपटायची, हे तिचं खुणेतलं नाव. बोलताना आत्या तिला टाच म्हणायची. आठ वर्षांची ही पोर रोज वर्ग सुरू होण्याआधी मंचभर टाचा आपटत फिरायची, एखाद्या मुकादमासारखी.

जुना अॅम्प्लिफायर सव्वीस किलोचा होता. वर्ग संपला की तो कपाटात ठेवून कुलूप लावायचं, असा शाळेचा नियम. दोन वर्षांपूर्वी आत्याची कंबर धरली, तरी ती तो उचलतच होती. शेवटी भाचीनं हट्ट धरला आणि क्लास डी मॉड्यूलचा नवा अॅम्प्लिफायर आणवला. शाळेच्या दप्तरापेक्षा हलका, गरम होत नाही, ताकद जुन्याच्या दुप्पट. साउंडवाल्यानं तो बसवून दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच दिवसापासून मुलांचा ताल चुकायला लागला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ऐकू येणाऱ्या माणसांना गाणं छान ऐकू येत होतं. दुसऱ्या आठवड्यात आत्यानं भाचीला बोलावलं. भाची मापनाच्या प्रयोगशाळेत कामाला. इतरांची मीटरं खरी बोलतात की खोटी, हे तपासण्याचाच तिचा पगार. ती विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आणि हवा तो सूर देणारा सिग्नल जनरेटर घेऊन आली. मिक्सर सोडवून तपासला: वीस हर्ट्झच्या खोल सुरापासून वर सगळे सूर सारखेच, सरळ रेघ. अॅम्प्लिफायर सोडवून तपासला: त्याचीही सरळ रेघ. तिनं तारीख घालून कागदावर लिहून दिलं, सही केली, आणि जाता जाता म्हणाली, "यंत्रांत दोष नाही, आत्या. सुट्टीत मुलं विसरली असतील."

आत्यानं तो कागद भाबडेपणानं मोठ्या बाईंना दाखवला.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना त्या हॉलमध्ये तो तास चित्रकलेला द्यायचा होता. "तुमची भाचीच लिहून देतेय," त्या म्हणाल्या. "मग मुलांचंच मन लागत नाही, नाही का? शुक्रवारी मी बघते. तालात नाचली तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून रंगपेट्या."

आज बुधवार होता.

"तू त्या साउंडवाल्याला पुन्हा फोन लाव," आत्या म्हणाली.

"तीनदा लावला. तो म्हणतो, मॉड्यूल दहा हर्ट्झपर्यंत सपाट आहे, मिक्सर बदला."

"मिक्सरला तीस वर्षं झाली. काही झालेलं नाही त्याला."

"तेच मी त्याला सांगितलं. तर म्हणतो, स्पीकरची वायर जाड घ्या. मग म्हणतो, नवीन आहे, वापरून वापरून मोकळा होईल."

"नवीन चप्पल आहे का ती? चावते म्हणे, मग सैल होते!"

तेवढ्यात मोठ्या बाई दारातून डोकावल्या. गाणं चालूच होतं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "किती स्वच्छ आवाज येतोय! आधी नुसता घूंऽऽ घूंऽऽ यायचा, माझं डोकं दुखायचं. आता ढोलसुद्धा छान ऐकू येतोय." आणि त्या गेल्या.

भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढोल 'ऐकू येतो' हीच तर गोम होती. खालचा मूळ स्वर गळाला तरी त्याच्या वरचे स्वर कानावर पडले, की मेंदू उरलेलं स्वतःच भरून घेतो. कान उदार असतात. तळवे तसे नसतात. जे फळीत नाही ते त्यांना जाणवत नाही. हे तिला कॉलेजात असताना पाठ होतं. आठवलं मात्र आत्ता, मोठ्या बाईंचं डोकं दुखायचं थांबलं तेव्हा.

म्हणजे टाच खरं बोलत होती. आणि आपण आठ वर्षांच्या मुलीला कागदावर सही करून खोटं पाडलं.

"मी पुन्हा मोजते," ती म्हणाली आणि मिक्सरमागच्या वायरीला हात घातला.

"खबरदार!" आत्या ओरडली. "काही काढायचं नाही. मागच्या वेळी काढलंस ते परत जोडायला पाऊण तास लावलास. माझी वीस मिनिटं राहिलीत. मुलं उभी आहेत."

"अगं, काढल्याशिवाय मोजणार कसं?"

"ते तुझं तू बघ. एवढं शिकलीस ना? चालू गाडीचं चाक मोज."

"आत्या, मोजमापाची एक पद्धत असते."

"आणि नाचाची नसते?"

भाचीनं हात टेकले. तिनं पिशवीतून दोन तोंडांचा जोड काढला, वायर न सोडवता बाजूला ऑसिलोस्कोप लावला आणि आत्याला सांगितलं, "गाण्याऐवजी दोन मिनिटं माझा सूर लाव. फक्त दोन." जनरेटर मिक्सरच्या रिकाम्या तोंडाला जोडला. हजार हर्ट्झला पडद्यावरची लाट पूर्ण उंचीची. दोनशेला जरा आखूड. शंभरला निम्मी. पन्नासला तिसरा हिस्सासुद्धा उरली नाही.

ती पडद्याकडे बघतच राहिली. मागच्या आठवड्यात हाच मिक्सर, हाच सूर, आणि लाट ताठ उभी होती.

"वायर काढते. एक सेकंद. शपथ," ती म्हणाली आणि आत्यानं तोंड उघडायच्या आत अॅम्प्लिफायरकडे जाणारी वायर उपटली. लाट ताडकन पूर्ण उंचीची झाली. वायर लावली, लाट बसली. काढली, उठली. लावली, बसली.

"मूर्ख," भाची म्हणाली.

"कोण?"

"मी."

साउंडवाल्यानं दिलेली पुस्तिका कपाटात न उघडलेलीच पडली होती. तिसऱ्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: इनपुट इम्पीडन्स दोन किलोओहम, बफर समाविष्ट नाही. जुन्या अॅम्प्लिफायरच्या पाठीवरच ठळक लिहिलेलं होतं, सत्तेचाळीस किलोओहम.

"मराठीत सांग," आत्या म्हणाली.

"मिक्सरच्या तोंडाशी एक छोटा कपॅसिटर आहे. भरभर बदलणारी वीज तो सहज जाऊ देतो, सावकाश बदलणारी कुरकुरत. जुना अॅम्प्लिफायर वीज जवळजवळ घेतच नव्हता. नुसता डोकावून बघायचा आणि स्वतःच्या ताकदीवर मोठं करायचा. त्यामुळे ती कुरकुर कधी दिसलीच नाही. आकडा जितका लहान, तितकी ओढ मोठी; हा नवा वीसपटीहून जास्त ओढतो. मग कपॅसिटर म्हणतो, बारीक सूर घे, खालचे मिळणार नाहीत."

"म्हणजे तुझ्या आतोबांसारखा. चहा घेता का विचारलं, की जेवायलाच बसतात."

"तसंच समज."

"मग तू मागच्या वेळी काय मोजलंस?"

हा प्रश्न येणारच होता. "दोघांना वेगवेगळं मोजलं. माझा ऑसिलोस्कोप तर काहीच ओढत नाही, त्यामुळे मिक्सर शहाण्यासारखा वागला. आणि अॅम्प्लिफायरला मी प्रयोगशाळेचा जनरेटर लावला, तो मागाल तेवढं देतो. दोघंही निर्दोष. एकत्र कुणी बघितलंच नाही."

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं, की भाचीला पुन्हा आठवीतलं प्रगतिपुस्तक हातात असल्यासारखं वाटलं. "आणि वर सही केलीस."

"केली."

साउंडवाल्याला चौथा फोन झाला. "मॅडम, बफर मुद्दाम नाहीये," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मध्ये जेवढं कमी, तेवढा आवाज शुद्ध. जाणकार लोक हेच मागतात."

"तुमच्या जाणकार लोकांना पाय आहेत का?" भाचीनं विचारलं आणि फोन ठेवला. इतकं तोडून ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. बरं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर बफर जोडला. पेन्सिलींचा पत्र्याचा डबा, त्यात एक आयसी चिप, चार-पाच सुटे भाग, दोन चौकोनी बॅटऱ्या. त्याचं काम एवढंच: मिक्सरकडून जवळजवळ काही न घेता त्याचं ऐकायचं आणि अॅम्प्लिफायर मागेल तेवढं स्वतःच्या बॅटरीतून द्यायचं. आवाज वाढवायचा नाही, बदलायचा नाही. पहिल्यांदा तिनं बॅटरी उलटी लावली आणि आयसी जाळला. दुसरा लावला.

शुक्रवारी ती वर्गाआधी अर्धा तास पोचली. डबा मध्ये जोडला आणि यावेळी सगळं एकमेकांना जोडलेलं असतानाच मोजलं. पन्नास हर्ट्झला लाट पूर्ण उंचीची. तिनं कागद काढला, पण सही केली नाही.

आत्यानं ढोलाचं गाणं लावलं, तेवढ्यात टाच आली. चपला काढून तिनं मंचावर पहिलं पाऊल ठेवलं आणि थबकली. मग दुसरं पाऊल टाकलं. कुणीही खूण केली नव्हती, तरी तिची टाच ढोलाबरोबर पडायला लागली. बाकीची मुलं धावत वर चढली.

मोठ्या बाई खुर्ची घेऊन बसल्या. अकरा मुलं, बावीस पावलं, सव्वापाच मिनिटं. मधल्या वळणावर एकाचा पाय चुकला, तो तिथल्या तिथे सावरला. आत्यानं बोटांनी ताल धरला नाही, खूण केली नाही. हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिली. कंबर दुखत असणार.

"छान," मोठ्या बाई उठत म्हणाल्या. "राहू दे तास. बघा, मी म्हणत होते ना, सराव हवा. आवाजात मला तर काही फरक वाटला नाही. उलट तो घूंऽऽ पुन्हा सुरू झालाय, तेवढं बघा."

भाचीनं तोंड उघडलं. आत्यानं मागून तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला.

"बघतो हं बाई," आत्या गोड आवाजात म्हणाली.

त्या गेल्यावर भाचीचा फोन वाजला. साउंडवाल्याचा निरोप होता: आता मोकळा झाला असेल, काळजी नसावी. तिनं तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

टाच तिच्यासमोर येऊन उभी होती. तिनं भाचीची बाही ओढली, मंचाच्या डाव्या कोपऱ्यात नेलं, टाच आपटली. मग तळहात गालाखाली धरून एक बोट दाखवलं. इथली, एकच फळी, अजून झोपलीये.

भाचीचा हात सवयीनं पिशवीकडे, ऑसिलोस्कोपकडे गेला. मग तिनं तो मागे घेतला.

"आत्या," तिनं हाक मारली, "स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवतेस?"