दुसऱ्याची टोपी घातलेला ड्रायव्हर

मी एक जुना ड्रायव्हर आहे. घाबरू नका मित्रांनो, मला गाडी चालवता येत नाही. गोल्फ खेळणाऱ्यांच्या पिशवीत निरनिराळ्या काठ्या असतात. त्यांतली सगळ्यांत लांब दांड्याची आणि सगळ्यांत मोठ्या डोक्याची जी काठी, तिला ड्रायव्हर म्हणतात. खेळाच्या सुरुवातीला चेंडू एका बोटभर खुंटीवर ठेवतात आणि मला गरकन फिरवून तो जमेल तितका लांब धाडतात. पुढची नाजूक कामं दुसऱ्या काठ्या करतात. चेंडूला घराबाहेर काढून वाटेला लावायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. टायटॅनियमचा पत्रा तापवून, ठोकून माझं तोंड घडवलं आणि मागे पोकळ डोकं जोडलं. माणसांत पोकळ डोक्याला कोणी बरं म्हणत नाही, पण आमच्यात तो गुणच. मला निळा रंग दिला. तपासणाऱ्या बाईंनी मला लाकडी हातोडीनं टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि मान डोलावून पुढे सरकवलं. ती माझी पहिली शाबासकी. माझं तोंड इतर भावंडांपेक्षा जरा जास्त आभाळाकडे वळलेलं होतं आणि दांडा हलका होता. जे फार जोरात फिरवत नाहीत, त्यांच्यासाठी मला तसं घडवलं होतं. पण मित्रांनो, आपण जोरात फिरवत नाही, हे कबूल करणारा गोल्फर शोधून सापडत नाही. म्हणून दुकानात मी मांडणीच्या अगदी टोकाला उभा असायचो. लोक मला उचलायचे, "फारच हलका आहे हा," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

एका सकाळी दुकानात दोन गृहस्थ आले. एक दातांचे डॉक्टर, साठीचे, अंगानं किरकोळ, बोलायला हळू. दुसरे त्यांचे व्याही. डॉक्टरांची एकुलती एक लेक या व्याह्यांच्या घरात दिलेली होती. व्याही इमारती बांधायचे. उंच, रुंद आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या गवंड्याला खालून ऐकू जावा. दोघं दर रविवारी एकत्र खेळायचे. मैदानात एक तळं होतं. व्याह्यांचा चेंडू ते तळं ओलांडून पलीकडे पडायचा. डॉक्टरांचा पाण्यात डुबुक व्हायचा, म्हणून ते बिचारे काठाकाठानं वळसा घालून जायचे. व्याही पलीकडून हात हलवायचे आणि म्हणायचे, "सावकाश या डॉक्टर, आम्ही आहोत इथंच." डॉक्टर हसायचे. पण ते हसू दातांपुरतंच होतं. म्हणून ते नवा ड्रायव्हर घ्यायला आले होते.

दुकानात एक ताई होत्या. पूर्वी त्या स्वतः स्पर्धा खेळायच्या. त्यांनी डॉक्टरांना जाळीसमोर उभं केलं आणि काही चेंडू मारायला सांगितले. चेंडू किती लांब गेला असता, ते पडद्यावर उमटायचं. मग त्या थेट टोकाला आल्या आणि मला काढून डॉक्टरांच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी मला फिरवलं. टण्ण असा स्वच्छ आवाज झाला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तसाच. पडद्यावर चेंडू एकापाठोपाठ एक, जवळजवळ एकाच जागी पडत होते. डॉक्टरांचे खांदे सैल झाले. माझं काळीज, असलंच तर, उडायला लागलं.

"हा हलका आहे हो," व्याही म्हणाले. "वाऱ्यानं उडून जाईल. मी घेतलाय तसलाच हा बघा." त्यांनी एक काळा, जड ड्रायव्हर पुढे केला. त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांची झोकदार टोपी होती. काठीचं डोकं ओरखडू नये म्हणून अशी टोपी घालतात.

डॉक्टरांनी तो फिरवला. एक चेंडू उजवीकडे, दुसराही उजवीकडे. तिसरा मात्र कसा कोण जाणे सरळ गेला, आणि माझ्या कुठल्याही चेंडूपेक्षा पुढे पडला.

"बघा," व्याही म्हणाले. "हा तुमचा."

ताई म्हणाल्या, "काका, तिसरा नशिबानं गेला. रोज काय हवं ते बघा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग व्याह्यांकडे बघितलं. "व्याही म्हणतात तोच द्या," ते म्हणाले. ताईंनी मला कापडानं पुसून परत टोकाला ठेवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की एखाद्याला आपण आवडलो, तरी तो आपल्याला घेऊन जाईलच असं नाही.

काही आठवडे गेले. एका दुपारी दार उघडलं आणि डॉक्टर एकटेच आत आले. दवाखान्यातून तसेच निघाले होते, अंगात पांढरा डगला होता.

"ताई, त्या दिवशीचा तो निळा आहे का अजून?"

"आहे. काळ्याचं काय झालं काका?"

"काळा चांगलाच आहे. चेंडू लांब जातो. फक्त माझ्या मनात असतं तिकडे जात नाही. मैदानाच्या शेजारच्या पट्ट्यात खेळणाऱ्या सगळ्यांशी ओळखी झाल्या माझ्या." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "कंबरही धरली आहे. आणि एक विनंती. व्याही आले तर त्यांना काही बोलू नका."

अशा रीतीनं मला घर मिळालं. पण राजरोस नव्हे. डॉक्टरांनी काळ्या ड्रायव्हरला दवाखान्यातल्या कपाटात, दातांच्या साच्यांमागे दडवलं आणि त्याची पट्ट्यापट्ट्यांची टोपी माझ्या डोक्यावर चढवली. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथं टोपी मला घातली होती आणि फसत होते व्याही. त्यांना लांबचं नीट दिसत नसे, पण मैदानात चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. डॉक्टर माझी टोपी काढताना जरा पाठमोरे व्हायचे, एवढ्यावर भागायचं.

पहिल्याच रविवारी आम्ही तळ्याशी आलो. डॉक्टर नेहमीच्या सवयीनं वळशाच्या वाटेकडे बघत होते. मग त्यांनी मला काढलं, चेंडू खुंटीवर ठेवला आणि जोर न करता, एखाद्याचा दात दुखू न देता काढावा तसं मला फिरवलं. चेंडू उंच चढला. पाण्यावरून गेला, बदकांवरून गेला आणि पलीकडच्या गवतावर टप्पा घेऊन थांबला. डॉक्टर तसेच उभे. काठी खांद्यावर, तोंड उघडं.

व्याह्यांची बायको, म्हणजे डॉक्टरांच्या विहीणबाई, चालणं होतं म्हणून दर रविवारी बरोबर यायच्या. त्यांनी छत्री काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

"निवड कुणाची?" व्याही म्हणाले.

"तुमचीच," डॉक्टर म्हणाले. टोपीखाली मला घाम फुटला.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. डॉक्टर खेळ झाल्यावर माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसत, रेघांत अडकलेली माती दात साफ करायच्या बारीक हत्यारानं काढत. त्यांच्या पत्नी म्हणत, "अहो, पेशंट झोपवलाय का टेबलावर?" पण खोट्याला पाय नसतात म्हणतात, ते खरं आहे.

दरम्यान व्याह्यांचा उजवा खांदा दुखू लागला होता. ते कुणाला सांगत नव्हते. एका रविवारी तळ्याशी त्यांचा चेंडू पाण्यात गेला. त्यांनी दुसरा ठेवला, दात-ओठ खाऊन मारला. तोही गेला. त्यांनी काठी उलटीसुलटी करून पाहिली.

"माझ्या काठीला काहीतरी झालंय," ते म्हणाले. "डॉक्टर, तुमची द्या. तीच तर आहे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "ती... जरा ओली आहे."

"असू द्या हो." व्याह्यांनी स्वतःच हात घालून मला ओढलं आणि टोपी काढली. हातातल्या वस्तूला चष्मा लागत नाही. त्यांनी माझं निळं डोकं पाहिलं, मला हातावर तोललं, मग डॉक्टरांकडे पाहिलं. विहीणबाई बदकांकडे बघू लागल्या.

व्याह्यांनी चेंडू ठेवला आणि मला फिरवलं. खांदा दुखत होता म्हणून अर्ध्याच ताकदीनं. मी माझं काम केलं मित्रांनो, मला तेवढंच येतं. चेंडू तळं ओलांडून अलगद पलीकडे उतरला. व्याह्यांनी मला टोपी घालून परत पिशवीत ठेवलं, "वा," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. उरलेल्या खेळात त्यांनी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. डॉक्टरांनी फोन केला, तो उचलला नाही. घरी पत्नी म्हणाल्या, "लेक दिली आहे त्या घरात. एका काठीपायी वाकडं कशाला घेऊन बसलात?" डॉक्टरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. मला कोपऱ्यात उभं केलं होतं. मी तिथून त्यांची येरझार बघत होतो. काही करावं म्हटलं तर मला हात नाहीत, आणि ज्यांना होते ते पाठीमागे बांधून फिरत होते.

दोन-चार दिवसांनी डॉक्टर मला घेऊन त्या दुकानात गेले. माझी रबरी मूठ गुळगुळीत झाली होती, ती बदलायची होती. आत शिरलो तर जाळीसमोर व्याही उभे. चष्मा लावलेले, घामाघूम. आणि हातात थेट माझ्यासारखाच एक निळा ड्रायव्हर. ताई बाजूला उभं राहून पडद्यावरचे आकडे बघत होत्या.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. आता पळायला जागा नव्हती.

"मूठ बदलायला आलो होतो," डॉक्टर म्हणाले.

"मी सहज," व्याही म्हणाले आणि हातातला ड्रायव्हर उगाच पाठीमागे नेला. तो काही लपण्यासारखा नव्हता.

ताई म्हणाल्या, "मी नवीन मूठ घेऊन येते," आणि शहाण्यासारख्या आत निघून गेल्या.

डॉक्टर म्हणाले, "व्याही, चुकलं माझं. सांगायला हवं होतं."

"काठी बदललीत त्याचा राग नाही," व्याही म्हणाले. आज त्यांचा आवाज खालच्या मजल्यावरच होता. "तुम्ही मला सांगायला घाबरलात, ते लागलं. मी काय वाघ आहे?"

"लेकीचा बाप आहे हो मी. तुमच्या घरात माझा जीव अडकलेला. बोलताना शब्द चाळून घ्यायची सवय लागते."

व्याही स्टुलावर बसले. काही वेळ ते खुंट्यांच्या डबीशी चाळा करत राहिले. "तुमची लेक मला तोंडावर सांगते, बाबा, तुम्ही फार मोठ्यांदा बोलता," ते म्हणाले. "आणि मला ते आवडतं. सगळ्या घरात तीच एक खरं बोलते. ती शिकली कुणाकडून म्हणायची?"

"माझ्याकडून तर नाही," डॉक्टर म्हणाले. "आईवर गेली आहे."

यावर दोघं असे हसले की ताई आतून बघायला आल्या. मग व्याह्यांनी सांगितलं की खांदा दुखतो, जोर पूर्वीसारखा लागत नाही, आणि खेळ सोडून द्यावा असं त्यांच्या मनात आलं होतं. "तुमच्या काठीनं मारला तेव्हा कळलं, अजून थोडी वर्षं आहेत." डॉक्टर म्हणाले, "खांदा दाखवा आधी कुणाला तरी. आणि चष्मा छान दिसतो तुम्हाला."

घरी कळल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "निळं डोकं मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. पण म्हटलं, दोघं आनंदात आहेत, मी कशाला नाक खुपसू?"

त्यानंतर मी उघड्या डोक्यानं, मानानं खेळलो. पट्ट्यापट्ट्यांची टोपी विहीणबाईंनी नेली आणि चहाच्या किटलीवर घातली. म्हणे चहा गरम राहतो.

मित्रांनो, सुखाचे दिवस सरतात तसे माझेही सरले. बाजारात नवे ड्रायव्हर आले. ते अजून लांब मारतात असं डॉक्टरांना कोणीतरी सांगितलं. त्यांनी एक घेतला, आणि खरं सांगतो, त्यांनी तो स्वतः फिरवून, स्वतःच्या मनानं घेतला. मला त्याचं बरंच वाटलं. पण मी डिकीत गेलो ते गेलोच. वर चिखलाचे बूट, खाली गाडीचं जादा चाक. उन्हाळ्यात डिकी भट्टीसारखी तापायची. माझी मूठ कडक होऊन तडकली, डोक्याजवळचा डिंक ढिला पडला आणि हलवलं की मी खुळखुळ्यासारखा वाजू लागलो. वाईट कोणी वागलं नव्हतं. मी फक्त कुणाच्या लक्षात नव्हतो.

एका रविवारी सगळे डॉक्टरांच्या गाडीतून मैदानाकडे निघाले असताना रस्त्यात चाक पंक्चर झालं. जादा चाक काढायला विहीणबाईंनी डिकी उपसली आणि मी त्यांच्या हाती लागलो.

"हा इथं का पडलाय?" त्यांनी विचारलं.

"जुना झाला तो," डॉक्टर म्हणाले.

"आपण कोण नवे आहोत?" विहीणबाई म्हणाल्या आणि मला घेऊन गेल्या. ताईंनी माझं डोकं नव्यानं चिकटवलं, मऊ मूठ बसवली. आणि इतकी वर्षं छत्री घेऊन नुसत्या चालणाऱ्या विहीणबाई, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता, मला धरून खुंटीसमोर उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी गवत मारलं, हवा मारली, एकदा खुंटीच मारली. चेंडू जागचा हलला नाही. "एवढंसं अंडं, पण काय हट्टी," म्हणाल्या. आता मात्र तो हलतो. फार लांब जात नाही, पण जिथं जातो तिथं त्या गाणं गुणगुणत चालत जातात.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. वस्तू घ्याल ती आपल्या हाताला विचारून घ्या, शेजाऱ्याच्या तोंडाला विचारून नको. घेतलीत की तिला पुसा, उन्हात कोंडू नका, तिची मूठ फाटली तर बदला. आणि कधी नवी आणावीशी वाटली तर खुशाल आणा, पण जुनीला डिकीत विसरू नका. कुणाचा तरी पहिला फटका तिच्या नशिबात लिहिलेला असू शकतो.

आता थांबतो. विहीणबाई मला पिशवीतून काढताहेत. मागे दोन्ही व्याही एकाच वेळी दोन वेगवेगळे सल्ले देताहेत, आणि त्या मात्र दोघांचंही ऐकत नाहीत.