सत्तावन्न नंबर आत आहे

मी सत्तावन्न बोलतोय. नाव नाही मला, नंबरच आहे. पितळेचा गोल बिल्ला, वर एक भोक आणि मध्ये ठोकलेले पाच आणि सात. सात जरा कललाय, कारण तो ठोकताना कारागिराला शिंक आली. बाकीचे सगळे बिल्ले सरळ आणि मी एकटा वाकडा, म्हणून मला तोंड जरा जास्त आहे म्हणतात. असू दे. आज मला एक कबुली द्यायची आहे. आयुष्यात मी एकदाच खोटं बोललो, आणि अजून मला त्याची लाज वाटत नाही.

लढाऊ जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका गोदीत माझा जन्म झाला. फाटकाजवळ हजेरीची खोली होती आणि तिच्या भिंतीवर खुंट्यांच्या रांगा असलेला मोठा लाकडी फळा. कामगार सकाळी आला की खिशातला बिल्ला आपल्या खुंटीवर अडकवायचा आणि संध्याकाळी काढून घरी न्यायचा. मी खुंटीवर असलो तर माझा माणूस आत, खिशात असलो तर बाहेर. यापेक्षा सोपं काय असणार? तरी माणसांनी त्यातही घोळ घातलाच.

माझा माणूस फिटर होता. हात असा की बिघडलेला पंप नुसता त्याच्याकडे बघून सुरू व्हायचा, असं लोक म्हणत. पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की हा गडी पांढराफटक पडायचा. त्याची उजवीकडची दाढ चार महिने दुखत होती. बायको रोज ओरडायची, "अहो, काढून टाका एकदाची! तुम्हालाही झोप नाही अन् आम्हालाही नाही." हा आपला गालाला फडकं बांधून कामावर यायचा.

त्या वेळी लढाई चालू होती, पण आमच्यासाठी ती वर्तमानपत्रात होती. "आपल्याकडे कोण कशाला मरायला येतंय?" हे वाक्य मी फाटकावर दिवसातून दहा वेळा ऐकायचो. मोठ्या साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचं त्यावर एकमत. एरवी दोघांचं कशावरच एकमत नसायचं.

एका संध्याकाळी दाढेने अगदीच जीव नकोसा केला. फिटरने हाय खाल्ली आणि मला आपल्या मित्राच्या हातात दिलं. मित्र म्हणजे लंबू, त्याच शेडमधला रंगारी, शिडीशिवाय छत रंगवणारा. "उद्या दाढ काढायला जातोय. तासभर उशीर होईल. माझा बिल्ला तेवढा लाव." महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला असता तर त्याला साहेबापुढे उभं राहावं लागलं असतं. लंबू म्हणाला, "लावतो. पण तू डॉक्टरच्या दारातून पळून नाही आलास तर मी माझं नाव बदलेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबूने आधी स्वतःचा बिल्ला अडकवला आणि मग गुपचूप मला. हजेरीचे कारकून चष्मा पुसत होते, म्हणून त्यांना काही दिसलं नाही. लोक त्यांना चष्मेवालेच म्हणायचे. बिनचष्म्याचे असले की त्यांना हत्तीसुद्धा मांजर वाटायचा.

साधारण अर्ध्या तासाने खोलीतला फोन वाजला. समुद्रातल्या धक्क्यावरचा पहारेकरी होता. बाजूला सहीसाठी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने फोन घेतला. विमानं येताहेत, पाण्याला अगदी लागून, खूप आहेत, असं पहारेकरी ओरडून सांगत होता. मला इथपर्यंत ऐकू येत होतं. अधिकारी शांतपणे म्हणाला, "आपलीच असतील. आज सकाळी परत यायचीच होती." आणि त्याने फोन ठेवला.

ती आपली नव्हती. शत्रूची जहाजं रात्रीतून गुपचूप जवळ आली होती आणि त्यांच्यावरूनच ती विमानं सुटली होती. पुढच्या पंचवीस मिनिटांबद्दल मला फार बोलता येत नाही. खिडकीच्या काचा आत आल्या. धक्क्याला बांधलेलं जहाज एका कुशीवर झुकलं. आमच्या दुरुस्तीच्या शेडचं छत बसलं. भोंगा वाजला तो सगळं झाल्यावर. फळा मात्र भिंतीला तसाच राहिला आणि मीही खुंटीला. चष्मेवाले टेबलाखालून बाहेर आले ते थेट फळ्याकडेच. आता आत कोण होतं ते सांगणारं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

आमच्या शेडच्या रांगेत एक्केचाळीस बिल्ले होते. बचाव पथकाचा मुकादम एकेक माणूस बाहेर काढायचा आणि चष्मेवाले एकेक बिल्ला खुंटीवरून उतरवायचे. लंबूला झोळीतून आणलं तेव्हा तो बेशुद्ध होता आणि पाय मोडला होता. त्याला तसंच गाडीत घालून नेलं. सहा जणांवर चादर ओढावी लागली. त्यांचे बिल्ले उतरवताना चष्मेवाल्यांच्या हातून एक खाली पडून घरंगळत गेला.

दुपारपर्यंत फळ्यावर एकच बिल्ला उरला. मी.

फाटकाबाहेर बायका, आयाबहिणी जमल्या होत्या. फिटरची बायको जाळीला धरून उभी होती. "ते इथे नाहीत हो! दाढ काढायला गेलेत!" तिने दोनदा सांगितलं. चष्मेवाल्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "वहिनी, बिल्ला आत आहे."

तिने बोटाच्या दिशेने पाहिलं. मग हळूच म्हणाली, "घाबरले असतील. डॉक्टरच्या दारातून परत आले असतील. भित्रेच आहेत मेले." आणि तिथेच खाली बसली. अगं, तुझा नवरा कुठे गेलाय ते तुला ठाऊक आहे ना बाई! तरी तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी आतून ओरडत होतो, पण पितळेचं ओरडणं कोण ऐकतं? त्या क्षणी मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी पुन्हा कधी आली नाही.

इतक्यात मुकादम धावत आला. "शेजारच्या शेडला आग लागलीये. माणसं तिकडे न्यायचीत. इकडचे सगळे निघाले का?"

"नाही," चष्मेवाले म्हणाले. "सत्तावन्न नंबर आत आहे."

"नक्की?"

"बिल्ला काय खोटं बोलतो?"

मुकादमाने आगीकडे पाहिलं, मग फळ्याकडे. अर्धी माणसं त्याने तिकडे पाठवली आणि अर्धी घेऊन तो आमच्या शेडमध्ये घुसला. चष्मेवाल्यांनी मला मुठीत घट्ट धरलं आणि तेही मागोमाग आले. पथकातल्या माणसांना फिटरची जागा कुठली ते ठाऊक नव्हतं, म्हणून तेच वाट दाखवत होते. अगदी शेवटच्या कोपऱ्यात त्याचं लोखंडी टेबल होतं. त्यावर छताचे पत्रे आणि तुळया पडल्या होत्या. लोक हातांनी पत्रे ओढू लागले. मला एकीकडे वाटत होतं, नका रे, इथे कुणी नाही, उगाच तुमच्या डोक्यावर काहीतरी पडेल. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. टक. टक टक.

मी तर गारच पडलो. फिटर खरंच परत आला होता की काय?

शेवटची तुळई हलली आणि खालून आधी झाडूचा दांडा बाहेर आला. त्यामागे एक हात, आणि मग धुळीने पांढरी झालेली मावशी. शेड झाडणारी मावशी! वीस वर्षं रोज फाटकातून येऊन शेडच्या मागच्या दाराने आत जायची. झाडणाऱ्यांना बिल्ला मिळत नसे, म्हणून फळ्यावर तिची खुंटीच नव्हती. तिला कुणीही शोधत नव्हतं. आमच्या शेडचा आकडा पुरा झाला असता तर सगळे आगीकडे गेले असते आणि टेबलावरचं ते ओझं संध्याकाळपर्यंत खाली बसलं असतं.

मावशीने डोळ्यांतली धूळ पुसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मी इथे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

चष्मेवाले मुठीतल्या माझ्याकडे बघत राहिले.

मावशीला बाहेर आणलेलं पाहून फिटरची बायको उठली. "मग हे कुठायत? सांगा ना, हे कुठायत?" आणि तिच्या मागूनच कुणीतरी "हं, हं" करायला लागलं. तिने वळून पाहिलं. गाल टम्म फुगलेला आणि तोंडात कापसाचा बोळा. रस्ते बंद होते म्हणून गावाला वळसा घालून चालत आला होता बिचारा. बायकोने आधी त्याच्या दंडावर दोन चापट्या मारल्या, मग त्याच्याच छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. "काढली का दाढ?" तिने विचारलं. त्याने मान डोलावली. "बाई गं, काढली!" ती रडता रडता हसायला लागली आणि फाटकावरची सगळी माणसं त्या दिवशी पहिल्यांदा हसली. सुटलो एकदाचा, मी म्हटलं. माझा माणूस बाहेर होता आणि मावशीही बाहेर होती.

चार दिवसांनी चौकशी झाली. नियमाप्रमाणे फिटर आणि लंबू दोघांचीही नोकरी जायला हवी होती. दोघांनी सगळं सांगून टाकलं. लंबू तर पायाला प्लास्टर बांधून आला होता. साहेब काही बोलणार तेवढ्यात चष्मेवाले उभे राहिले. आयुष्यात साहेबापुढे ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "साहेब, यांची चूक एका दिवसाची. माझी वीस वर्षांची. मावशी रोज माझ्यासमोरून आत जायची आणि मी तिला कधी मोजलं नाही." साहेबांनी समोरचा कागद मिटला. मग म्हणाले, "झाडणाऱ्यांसाठी नवीन खुंट्या मारा. आजच." नोकरीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

फिटर निवृत्त झाला तेव्हा त्याने मला मागून घेतलं. गोदीत तोवर छापील कार्डं आली होती. पुढची कित्येक वर्षं मी खिळ्यांच्या डब्यात पडून होतो. गंजलेल्या खिळ्यांची संगत काय सांगू! सगळे आपले टोकेरी स्वभावाचे. फिटर गेला, त्याची बायको गेली. मग त्याच्या नातीला मी सापडलो. तीच आता त्या गोदीत सुरक्षा अधिकारी आहे. मला तिने घासूनपुसून लख्ख केलं आणि पर्समध्ये ठेवलं.

हल्ल्याच्या स्मरणदिनी गोदीत दर वर्षी सराव असतो. भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी मैदानात यायचं. यंदा मीही तिच्या हातात होतो. सरावाआधी एक तरुण अभियंता म्हणाला, "मॅडम, आता कोण येतंय हो हल्ला करायला?" मला हसू आलं. वाक्य तेच, फक्त बोलणारा बदलला होता. आता तर म्हणे शत्रूला पाण्याखालून, बिनवैमानिकाच्या विमानांतून, संगणकाच्या नुसत्या तारांमधूनही येता येतं.

भोंगा वाजला. माणसं आली. कार्डं मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर हिरवा आकडा आला: सकाळी आत आलेले तीनशे बारा, मैदानात तीनशे बारा. आताच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "उत्तम! चला, आपापल्या कामाला."

"एक मिनिट साहेब," नात म्हणाली. ती गर्दीकडे वळली. "सकाळी पाहिलेलं पण आत्ता इथे नसलेलं कुणी आहे का?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग कँटीनवाल्याने मागून हात वर केला. "ताई, दोन पोरी आहेत. ठेकेदाराच्या. सकाळी टाकीत रंगवायला उतरल्यात. मीच त्यांना चहा नेऊन दिला. त्यांना कार्ड नाही दिलेलं अजून."

नात धावली. तिच्या मागे तो अभियंताही. टाकीत भोंगा ऐकू गेलाच नव्हता. झाकणातून दोन रंगाने माखलेल्या मुली वर आल्या, उजेडात डोळे बारीक करत. त्यातली एक म्हणाली, "काय झालं? आमचं काही चुकलं का?"

"नाही गं," नात म्हणाली. "तुमचं काही नाही चुकलं." तिने मला मुठीत गच्च दाबलं. साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी यंत्राचा तो हिरवा पडदा स्वतःच्या हाताने बंद केला आणि म्हणाले, "नशीब, आज सराव होता."

म्हणून सांगतो. माझं ते खोटं एकदा फळलं, दर वेळी फळणार नाही. दर वेळी एखाद्याची दाढ दुखेलच आणि दर वेळी एखादा लंबू मदतीला येईलच असं नाही. आत कोण आहे ते यंत्राला जरूर विचारा. पण निघताना जरा कँटीनवाल्यालाही विचारा.