माझ्यावरच घडलेला कंपायलर

मित्रांनो, विणकामाच्या खोलीत खिडकीखाली जो पिवळट पडलेला डबा दिसतो, तो मी. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या शेजारी लांबलचक विणमशीन आहे आणि आम्हा दोघांमध्ये एक जाड केबल आहे. ती केबल लावायची जागा हल्लीच्या कॉम्प्युटरना नसते. म्हणून मी अजून या घरात आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आधी माझा सांगाडा आला, मग पंखा, मग प्रोसेसर, आणि शेवटी कुणीतरी चार स्क्रू पिळून माझे दार बंद केले. पहिली काही वर्षे मी एका कार्यालयात बिले छापली. पुढे नवे कॉम्प्युटर आले आणि आमची रांगच्या रांग जिन्याखाली गेली. तिथे वायरिंगचे काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने मला उचलून घरी आणले. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी. मीही तसेच म्हणतो. त्या बहिणीला मात्र घरात सगळे छोटी म्हणतात. ती मोठ्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते, तरी छोटीच.

वहिनींनी जुने विणमशीन घेतले तेव्हा छोटीने मला त्याला जोडून दिले. वहिनी माझ्या पडद्यावर चौकटी भरून नक्षी काढत आणि कोणती सुई केव्हा उचलायची ते मी मशीनला सांगत असे. आम्ही स्वेटर विणले, टोप्या विणल्या, एका आजोबांसाठी बिनबाह्यांचे जाकीटही विणले. गिऱ्हाइकांनी नक्षीचे कौतुक केले की वहिनी माझ्याकडे बोट दाखवत. "डोकं त्याचं, हमाली माझी."

मग एके दिवशी माझी डिस्क गेली. तिच्याबरोबर नक्षीचा प्रोग्रॅमही गेला. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. माझ्यावर प्लास्टिक आले, प्लास्टिकवर लोकरीचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळे, आले. वहिनी काही दिवस हातावर विणत राहिल्या, पण हाताला मशीनचा वेग कुठून येणार? कापडाच्या एका दुकानात घड्या घालायचे काम मिळत होते. "सोमवारपासून येते," असे त्यांनी कळवून टाकले. मला आणि विणमशीनला न्यायला भंगारवाला रविवारी येणार होता.

छोटीला हे कळले तेव्हा शुक्रवार होता. नक्षीचा नवा प्रोग्रॅम ती गेले कित्येक दिवस सवडीने लिहीत होती. तो हातावेगळा करून, स्वतःकडे पडून असलेली एक लहानशी डिस्क घेऊन ती शनिवारी सकाळी हजर झाली.

"अगं, सरळ नवा घे ना एखादा," दादा म्हणाले.

"आणि ही केबल कुठे खुपसू? तुझ्या कानात?"

मित्रांनो, इथे मला कंपायलर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम मला जसाच्या तसा कळत नाही. तो माझ्या आकड्यांच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. छोटीने आणलेल्या डिस्कवर माझी नेहमीची व्यवस्था आधीपासूनच होती, तिच्यासोबत एक जुना कंपायलरही होता. पण छोटीचा प्रोग्रॅम नव्या भाषेत होता, त्याला नवा कंपायलर हवा होता. तिने तयार मिळणारा कंपायलर आणून चालवला. मी एक ओळ दाखवली आणि थांबलो.

"बसला," वहिनी म्हणाल्या.

"बसला नाही. हा तयार कंपायलर नव्या प्रोसेसरसाठी बनवलाय. त्यातल्या काही आज्ञा याला येतच नाहीत. आता मूळ कोड आणायचा आणि याच्यावरच कंपायलर बनवायचा."

"म्हणजे तयार स्वेटर अंगात शिरेना, तर लोकर आणून मापाचा विणायचा."

"अगदी तसंच."

"मग असं मराठीत सांग की."

मूळ कोड इंटरनेटवरून डिस्कवर येऊ लागला आणि छोटीला ऑफिसने तातडीने बोलावले. ती गेली, आणि थोड्याच वेळात मी पडद्यावर कळवले की डिस्कवर जागा पुरत नाही. वहिनींनी फोन केला. छोटीने घाईघाईत पुसायचे कसे ते सांगितले आणि जुने काय असेल ते काढून टाकायला सांगितले. वहिनींना अर्धवट आवरणे ठाऊक नाही. त्यांनी माझा कोपरा अन् कोपरा लख्ख केला.

दुपारी छोटी परतली. मूळ कोडासोबत तपासणीचा एक प्रोग्रॅम येतो. तो आधी विचारतो, हे आहे का, ते आहे का. पहिल्याच प्रश्नाला मला नाही म्हणावे लागले.

"वहिनी, जुना कंपायलर कुठे गेला?"

"काढला. तुला विचारूनच काढला."

"मी हो म्हणाले?"

"'काढ गं, नवा येतोच आहे,' म्हणालीस. वर, 'मीटिंग आहे, ठेवते.'"

छोटी कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. नवा कंपायलर हाही शेवटी माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅमच. तो माझ्या भाषेत उतरवायला आधीचा कुणीतरी दुभाषी लागतोच. तिने हे सांगितल्यावर वहिनींनी मशीनवरच्या कोनाकडे पाहिले. कोन संपत आला की त्या जुन्या धाग्याच्या टोकाला नवा धागा बांधतात आणि सगळ्या कड्यांतून ओढून घेतात.

"म्हणजे गाठ मारायच्या आधीच मी जुना धागा उपसला."

"उपसायला मीच सांगितलं."

"ते झालंच."

माझ्या वयाच्या कॉम्प्युटरसाठीचे सामान इंटरनेटवरच्या ज्या साठ्यातून येई, तो आता बंद झाला होता. जुना कंपायलर पुन्हा मिळेना. छोटी शोधत राहिली. शेवटी तिला एक अगदी चिमुकला कंपायलर सापडला. कोणी अनोळखी लोकांनी तो जुन्या यंत्रांसाठी, त्यांच्या भाषेत आधीच उतरवून, जपून ठेवला होता. नवा कंपायलर उभा करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पण त्याच्याहून थोडा मोठा, मधल्या काळातला कंपायलर त्याला जमण्यासारखा होता, आणि तो मधला मग नव्याला उभा करणार होता.

काम सुरू झाले. छोटीने आधी मला एकदम चार कामे दिली. माझी मेमरी भरली आणि मी गुदमरलो. मग तिने एकेक काम दिले, तेव्हा मी हळूहळू पुढे जाऊ लागलो. मी इतका तापलो की वहिनींनी माझे दार उघडले, मशीनच्या सुया झाडायच्या ब्रशने पंख्यात साचलेली लोकर काढली आणि टेबलपंखा माझ्याकडे वळवला.

"मी घामाघूम होतोय, आणि वारा त्याला?" दादांनी विचारले.

"तुम्ही काय विणताय?"

रविवारी सकाळी मधला कंपायलर तयार झाला होता, नवा निम्म्यावर होता. भंगारवाल्याचा फोन आला.

"त्याला सांगा, घरात पाहुणे आहेत," वहिनी म्हणाल्या.

"कोण पाहुणे?"

"छोटी आहे ना."

"मी पाहुणी?" छोटी म्हणाली. "काल भांडी कोणी घासली?"

दुपारी नवा कंपायलर उभा राहिला. त्याने छोटीचा प्रोग्रॅम माझ्या भाषेत उतरवला. मला वाटले होते तो परका असेल, पण तो माझ्याशी माझ्याच मापाने बोलला. घडलाच होता माझ्यावर. वहिनींनी केबल लावली, लोकर चढवली. मशीन दोनदा कुरकुरले आणि मग चालू लागले. वीतभर पट्टी खाली उतरली, निळ्यावर पांढऱ्या चौकटी.

छोटीने टाळी द्यायला हात पुढे केला. वहिनींनी तो तसाच ठेवला. त्यांनी पट्टी उलटी केली, मागचे धागे बोटाने चाचपले, दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

"चालेल," त्या म्हणाल्या, आणि मग टाळी दिली.

छोटी माझ्याकडे वळली. "आता ते दोन्ही जुने कंपायलर काढून टाकते. बरीच जागा होईल."

"हात तर लावून बघ," वहिनी म्हणाल्या. "जागा हवी तर मोठी डिस्क आण."

मित्रांनो, माझी मागणी एवढीच आहे. नवे जरूर आणा, मलाही नव्याची हौस आहे. पण जुने काढण्याआधी क्षणभर थांबून पाहा, नवे अजून त्याच्या आधाराने तर उभे राहत नाही ना? आणि आमच्यासारख्यांच्या पंख्यातली धूळ अधूनमधून झाडत जा. आम्हाला त्याहून फारसे काही लागत नाही.

त्या संध्याकाळी वहिनींनी दुकानात फोन लावला. "उद्यापासून यायला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "नाही हो, तब्येत उत्तम आहे. घरी काम आहे."