वेलांटीबाईंचा डावा डोळा

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. ऱ्हस्व असो वा दीर्घ, चुकलेली वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन सात वर्षं झालेली, लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. एका सोमवारी सकाळी प्रूफावरच्या ओळी धुरकट दिसू लागल्या. चष्मा पुसला, तरी तेच. उजवा डोळा झाकला तेव्हा कळलं, डाव्यापुढे काळे ठिपके तरंगत होते.

पहिल्या डॉक्टरांनी वयावर बोट ठेवून थेंब दिले. तीन आठवड्यांत ठिपके वाढले. बाई एक डोळा मिटून काम करत राहिल्या. मग एका मथळ्यात अख्खं अक्षर सुटलं आणि मालकांनी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. डोळेच गेले तर मागे काय उरणार?

लेकीने त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर लेकीच्याच वयाची. तिने बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, मग लेकीला बाहेर बसायला सांगितलं. दार लोटल्यावर विचारलं, गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाशी शरीरसंबंध आला होता का.

"माझं वय दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय. म्हणूनच आधी कुणी विचारलं नसणार."

सिफिलिस कधी कधी डोळ्यांत उतरतो, असं तिने सांगितलं. तो अमुक लोकांचाच आजार असं डॉक्टरही धरून चालतात. पण आता तो गरोदर बायकांत सापडतो, साठी उलटलेल्यांतही. म्हणून असा डोळा दिसला की ती वय न बघता रक्त तपासते.

बाईंनी एकदा वैद्यकाच्या जुन्या पुस्तकाची प्रूफं पाहिली होती. त्यात याला गरमी म्हटलं होतं. लेकीला त्यांनी सांगितलं, साखर तपासायला रक्त घेतलं.

रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. छापखान्यासमोरचे घड्याळवाले, तेही एकटेच, दर रविवारी दुपारी घरी येत. दोन वर्षं झाली होती. सुरुवातीच्याच महिन्यांत त्यांच्या तळहातांवर तांबूस डाग उठले होते. सुटे भाग धुवायच्या पेट्रोलमुळे असतील, असं म्हणून दोघं हसले होते. डाग आपोआप गेले होते. बाईंनी स्वतःचा टॉवेल वेगळा केला, पेला वेगळा केला. नात मांडीवर बसायला धावत आली, तर त्या झटकन उठून उभ्या राहिल्या. पोर बावरून बघत राहिली.

रिपोर्टमध्ये तेच निघालं. नातीला जवळ घेतल्याने काही होत नाही, हे डॉक्टरने आधी सांगितलं. दोन आठवडे भरती व्हायचं, शिरेतून पेनिसिलिन घ्यायचं.

"दिसेल ना मला?"

"बरंचसं दिसेल. पूर्ण दिसेल असा शब्द देत नाही. आणि त्या गृहस्थांनाही तपासायला लावा."

बाई तशाच दुकानात गेल्या. ऐकताना घड्याळवाल्यांच्या चिमट्यातला स्क्रू खाली पडला. तो त्यांनी शोधलाही नाही. बाईंच्या आधी एकदा, परगावी, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "लोकांना कळलं तर?"

"लोकांचं नंतर बघू. उद्या रक्त द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. भरती झालेल्या बाईंना हाताला लावलेल्या सुईपेक्षा त्या बंद दुकानाची धास्ती जास्त होती. चौथ्या दिवशी ते वॉर्डच्या दारात आले, हातात रक्ताचा रिपोर्ट धरून. नेमकी लेक तिथेच बसली होती; तिला डोळ्यात जंतू शिरलेत एवढंच ठाऊक होतं.

"आई, हे कोण?"

बाईंनी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. लेक उठून बाहेर गेली. तासभर बाई दाराकडे बघत पडून राहिल्या. डाव्या डोळ्याला दार अजून पुसटच दिसत होतं. लेक परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बराच वेळ ती पांघरूण सारखं करत राहिली.

"त्यांच्या रक्तात काय निघालं?" तिने विचारलं.

"तेच. कालपासून औषध सुरू झालंय."

महिन्याभराने बाई कामावर गेल्या. ठिपके विरळ झाले होते, एक मात्र राहिला. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं होतं, आणि त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात त्यांना झोप लागत नसे. लेक मात्र दर वेळी बरोबर येई.