मळ निघतो, माल निघतो

किराणा दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर बायका खिडकीला टेकून उभ्या राहिल्या. पुढे हिरामॅडम एकीच्या गालावर जेल चोळत होत्या. बघता बघता गालावरून राखाडी वळ्या सुटल्या. मॅडमनी त्या पांढऱ्या रुमालावर झाडून रुमाल सगळ्यांसमोर फिरवला आणि हॉलभर "अगंबाई" झालं.

"वर्षानुवर्षांचा मळ निघतो," मॅडम म्हणाल्या. "गालावरचाही आणि नशिबावरचाही."

हिरा हे काही त्यांचं नाव नव्हे. या जेलच्या कंपनीत आधी ‘मोती’ हे पद मिळतं, मग ‘हिरा’. व्हायचं कसं, तर ट्यूबांच्या पेट्या विकत घेऊन.

मागच्या रांगेत सासूबाई चुळबुळत होत्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे कोणी हवेत हात फिरवला की त्यांची नजर आधी बाहीकडे जायची. आज मात्र तोंडाला कुलूप होतं. शेजारी सून बसली होती, आणि पेट्या घेण्यासाठी तिनं आपलं शिलाई मशीन विकायला काढलं होतं. संध्याकाळी माणूस मशीन न्यायला येणार होता. शाळांचे गणवेश शिवून सुनेनं त्या मशीनवर स्वतःचं काहीतरी उभं केलं होतं. ते जाऊ नये असं सासूबाईंना वाटत होतं. पण बोलावं तर टोमणा ठरणार. मागे एकदाच "नीट विचार कर" म्हणाल्या होत्या, तर सून कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होती.

मॅडमनी आता एका ताईंना पुढे बोलावून त्यांच्या खांद्यावर चमकता पट्टा चढवला. "यांच्या एका महिन्यात चाळीस पेट्या निघाल्या. आपल्याकडे माल पडून राहत नाही, निघतो." टाळ्या पडल्या. ताई जमिनीकडे बघून हसल्या.

"आणि शंका आली, तर तोही मनाचा मळच समजा. भाव फक्त आजचा आहे हं. उद्या माझ्यापुढे रडू नका. अजून कोणाला अनुभव घ्यायचाय?"

आगाऊ पैसे भरायला सून पर्स उघडू लागली. सासूबाईंना राहवेना, त्या उठल्या.

"आई, नको ना," सुनेनं बाही धरली.

"गाल माझा आहे, तुझं काय जातंय?"

मॅडम खूश झाल्या. "या आजी, बसा."

"बसत नाही. जेल बोटावर द्या." सासूबाईंनी चष्मा काढला, मॅडमच्याच दुसऱ्या कोऱ्या रुमालानं लख्ख पुसला आणि काचेवर जेल चोळली. काचेवरूनही तशाच राखाडी वळ्या सुटल्या.

"मॅडम, काचेला कातडी नसते. मग हा मळ कोणाचा?"

"धूळ असते हो चष्म्यावर."

"आत्ता तुमच्या रुमालानं पुसला. रुमाल बघा, पांढराच आहे."

पुढच्या रांगेतल्या एकीनं स्टीलच्या बाटलीवर जेल चोळून पाहिली. बाटलीचाही मळ निघाला. बायका उठून पुढे आल्या.

"जेल चिकट आहे," सासूबाई वर्गात सांगावं तसं सांगू लागल्या. "चोळली की पाणी उडतं आणि उरलेल्या लगद्याच्या वळ्या होतात. रंग त्यातच आहे. पातळ असताना दिसत नाही, घट्ट झाला की दिसतो. धुतलेल्या गालावरूनही एवढंच निघेल."

मॅडमचा आवाज चढला. "जेलचं सोडा. धंदा तर खरा आहे ना? चाळीस पेट्या काय काचेतून निघाल्या?"

सुनेचा लालबुंद चेहरा बघून सासूबाईंना वाटलं, झालं, गेली ही आपल्या हातून. तेवढ्यात सूनच उभी राहिली आणि पट्टेवाल्या ताईंकडे वळली.

"ताई, पेट्या निघाल्या म्हणजे कुठून निघाल्या?"

"कंपनीच्या गोडाऊनमधून."

"आणि गेल्या कुठे?"

ताईंनी मॅडमकडे पाहिलं, मग पट्टा उतरवून खुर्चीवर ठेवला. "माझ्या घरी. पलंगाखाली मावेनात, म्हणून मुलीच्या अभ्यासाच्या जागेत रचल्यात. एक ट्यूब तेवढी जावेनं घेतली, माझं तोंड बघून."

"मी शिवलेला गणवेश शेवटी कोणाच्या तरी अंगात जातो," सून म्हणाली. "ही ट्यूब लावणार कोण? इथं तर सगळ्या विकणाऱ्याच बसल्यात."

जिन्यातूनच तिनं फोन केला. "दादा, मशीन द्यायचं नाहीये. येऊ नका." मग सासूबाईंकडे वळली. "एवढं कळत होतं तर घरी का नाही बोललात?"

"घरी तू जेलवर नाही, माझ्यावर संशय घेतला असतास."

"घेतला असता," सून म्हणाली आणि जेल लागलेला चष्मा मागून घेऊन पुसू लागली.

असा रुमाल उद्या तुमच्याही गल्लीत फिरेल. तेव्हा टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, की निघालं ते कुठून, आणि गेलं कुठे. उत्तराऐवजी कोणी तुमच्या शंकेलाच मळ म्हटलं, तर पर्स बंद करा आणि घरी या.